ॲस्टरिस्क सर्व्हर बसवायचा कसा, आणि कॉल लागूनही आवाज का येत नाही

लिनक्सचं मशीन हाताशी आहे, टर्मिनलची सवय आहे, राउटरचा पासवर्ड तुमच्याकडे आहे, एवढं धरून चालतो. दहा-पंधरा टेबलांचं ऑफिस असो नाही तर दोन गावांतल्या दोन शाखा, एक्स्टेन्शनचे फोन हवेत म्हणून महागडा ईपीएबीएक्स (ऑफिसचं टेलिफोन एक्सचेंज) घ्यायची काही गरज नाही, ॲस्टरिस्क हे सॉफ्टवेअर तेच काम करतं. १९९९ साली मार्क स्पेन्सरने ॲस्टरिस्क लिहायला घेतलं तेच मुळात स्वतःच्या कंपनीला तयार सिस्टीम परवडत नव्हती म्हणून, आणि आजही ते ओपन सोर्स आहे, फुकट आहे.

व्हर्जन २२ घ्या, लाँग टर्म सपोर्टवालं आहे. सोर्स उतरवा, कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल, झालं. 'मेक सॅम्पल्स' मात्र चालवू नका, नमुन्याच्या ढीगभर फाइल्स येऊन पडतात आणि मग काय चालू आहे नि काय बंद तेच कळत नाही.

आता फोन. सिप म्हणजे नेटवर्कवरून कॉल जोडायची भाषा, आणि पीजेसिप हा ॲस्टरिस्कमधला ती बोलणारा भाग. त्याच्या कॉन्फ फाइलमध्ये प्रत्येक फोनला एंडपॉइंट (फोनच्या सेटिंग), ऑथ (नाव-पासवर्ड) आणि एओआर (फोन कुठे सापडेल ते) असे तीन सेक्शन लागतात. (सेटिंगची नावं मी बोलतो तशी लिहितोय, फाइलमध्ये इंग्रजीत, शब्दांमधे अंडरस्कोअर घालून टाका.) कोडेक (आवाज डिजिटल करायच्या पद्धती) आधी सगळे डिसअलाऊ करा, मग त्यातला ए-लॉ अलाऊ करा. डायलप्लानमध्ये (कुठला नंबर लावला की काय करायचं ते जिथे लिहितात तिथे) एक्स्टेन्शनसाठी डायलची एक ओळ, आणि शिवाय ६०० नंबरवर 'एको' लावून ठेवा, त्यावर फोन केला की आपलाच आवाज परत ऐकू येतो, पुढे याचं फार काम पडणार आहे.

एखादा लेख तुम्हाला सिप डॉट कॉन्फ उघडून 'नॅट बरोबर येस' लिहा असं सांगत असेल तर तो लेख तिथेच बंद करा. ती चॅन-सिप या जुन्या सिप मॉड्यूलची पद्धत झाली, व्हर्जन २१ पासून, म्हणजे २०२३ पासून, ते मॉड्यूलच काढून टाकलंय, तरी लोक अजून तेच कॉपी-पेस्ट करतायत.

इथवर सोपं होतं. आता जिथे बहुतेक जण अडकतात, आणि ज्याने मलाही सुरुवातीला फार छळलंय, ते बघू.

ऑफिसच्या वायफायवर सगळं मस्त चालतं. मग कुणीतरी बाहेरून मोबाइल डेटावर रजिस्टर होतो (म्हणजे त्याचा फोन सर्व्हरला जोडला जातो), ऑफिसला फोन लावतो, रिंग वाजते, उचलला जातो, आणि दोन्हीकडून नुसतं हॅलो हॅलो, एकाला ऐकू येतं दुसऱ्याला नाही, कधी दोघांनाही नाही, आणि जवळजवळ ३२ सेकंदांनी कॉल कट. लगेच कुणीतरी म्हणतं नेट स्लो आहे, मोठा प्लॅन घ्या. अजिबात घेऊ नका! ए-लॉवरच्या एका कॉलला एका बाजूने १०० केबीपीएससुद्धा लागत नाही, प्लॅनचा इथे काही संबंध नाही.

खरी भानगड पत्त्याची आहे. सिपचे मेसेज ५०६० पोर्टवरून जातात पण आवाज जातो आरटीपी या दुसऱ्या प्रोटोकॉलने, वेगळ्या पोर्टवरून, आणि तो कुठल्या पत्त्यावर पाठवायचा ते सिप मेसेजच्या आत लिहिलेलं असतं. राउटरमागे बसलेल्या सर्व्हरला स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१० एवढाच माहीत, तो तेच लिहितो. राउटरचं नॅट (आतली सगळी मशीन एका पब्लिक पत्त्यामागे ठेवणारी सोय) पाकिटावरचा पत्ता बदलतं, आतल्या चिठ्ठीला हात लावत नाही. मग बाहेरचा फोन आवाज पाठवतो १९२.१६८.१.१० ला, त्याच्या बाजूला तो पत्ता कुणाचाच नाही, आवाज गायब. ३२ सेकंदांचं कारणही हेच. फोन उचलला की सर्व्हर '२०० ओके' (कॉल घेतला) पाठवतो आणि समोरून 'ॲक' (पोच) यायची वाट बघतो, ते ॲकही त्याच चुकीच्या पत्त्यावर जातं, सर्व्हर पुन्हा पुन्हा पाठवून बघतो आणि ३२ सेकंदांनी नाद सोडतो.

अंदाज लावत बसू नका, बघा. ॲस्टरिस्कच्या कन्सोलवर 'पीजेसिप सेट लॉगर ऑन' करा, बाहेरून कॉल लावा, सर्व्हरने पाठवलेल्या २०० ओकेच्या खाली 'सी' अक्षराने सुरू होणारी ओळ शोधा. तिथे १९२.१६८ दिसलं की निदान झालं.

इलाज पीजेसिपच्या फाइलमधल्या ट्रान्सपोर्ट सेक्शनमध्ये. एक्स्टर्नल मीडिया ॲड्रेस आणि एक्स्टर्नल सिग्नलिंग ॲड्रेस, दोन्हींत तुमचा पब्लिक आयपी. तिसरं लोकल नेट, त्यात १९२.१६८.१.०/२४, हे विसरलात तर आतल्या फोनलाही बाहेरचाच पत्ता सांगितला जातो आणि इतके दिवस चालणारे कॉलही बिघडतात. एंडपॉइंटमध्ये आरटीपी सिमेट्रिक, फोर्स आरपोर्ट, रीराइट कॉन्टॅक्ट हे तिन्ही येस, आणि डायरेक्ट मीडिया नो. आणि हे करून नुसतं रीलोड केलंत तर काहीही बदलणार नाही, ट्रान्सपोर्टच्या सेटिंग रीलोडने लागू होत नाहीत, ॲस्टरिस्क पूर्ण बंद करून परत चालू करा. सेटिंग बरोबर असूनही 'काही उपयोग नाही' म्हणून लोक सगळं पुसतात ते इथेच.

राउटरमध्ये यूडीपी ५०६० आणि आरटीपीचे पोर्ट सर्व्हरकडे फॉरवर्ड करा. नमुन्याच्या फाइलमध्ये १०००० ते २०००० असतात, एवढे कशाला? दोन फोनमधल्या एका कॉलला चार पोर्ट लागतात, छोट्या ऑफिसला १०००० ते १०२०० भरपूर झाले, आरटीपी डॉट कॉन्फमध्येही तेच लिहा. मग सिप एएलजी नावाचं फीचर शोधून बंद करा, ते मदत म्हणून आतला पत्ता बदलायला जातं आणि बहुतेक वेळा वाटोळं करून ठेवतं. राउटर ते बंदच करू देत नसेल तर टीएलएस लावून ५०६१ वर या, एनक्रिप्ट झालेलं एएलजीला वाचताच येत नाही.

त्याआधी राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता) बघून घ्या. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर तुम्ही कॅरियरच्या नॅटमागे आहात, म्हणजे पब्लिक आयपी तुमच्या एकट्याचा नाही, पोर्ट फॉरवर्डिंगवर रात्र घालवू नका, स्टॅटिक आयपी मागा नाही तर सर्व्हर सरळ व्हीपीएसवर (भाड्याच्या ऑनलाइन सर्व्हरवर) हलवा.

सर्व्हर डीएमझेडमध्ये टाका (म्हणजे त्याचे सगळे पोर्ट बाहेरून उघडे करा) की सुटेल, हा सल्ला तर कृपा करून ऐकूच नका. ५०६० उघडा दिसला की बॉट येऊन पासवर्ड ठोकायला लागतात, आणि एक्स्टेन्शन १००१ चा पासवर्ड १००१ असेल आणि मागे बाहेरची लाइन जोडलेली असेल तर परदेशी कॉलचं बिल तुमच्या नावावर. लांब रँडम पासवर्ड आणि फेल-टू-बॅन (पुन्हा पुन्हा चुकीचा पासवर्ड टाकणाऱ्याला ब्लॉक करणारं सॉफ्टवेअर), यात तडजोड नको. बाहेरची लाइन घ्यायची तीसुद्धा लायसन्सवाल्या ऑपरेटरकडूनच.

टेस्ट करताना फोनचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटावरून ६०० लावा. आपला आवाज परत आला म्हणजे जाणारा आणि येणारा दोन्ही रस्ते मोकळे.

राहिलं मेसेजिंग. एंडपॉइंटला मेसेज कॉन्टेक्स्ट देऊन डायलप्लानमध्ये 'मेसेजसेंड' लावलं की फोन-टू-फोन टेक्स्ट जातं, पण समोरचा ऑफलाइन असेल तर ॲस्टरिस्क स्वतःहून मेसेज साठवून ठेवत नाही, त्यामुळे खऱ्या चॅटसाठी मी ते वापरत नाही. त्याला एक्सएमपीपी या चॅट प्रोटोकॉलचा वेगळा सर्व्हर हवा, ईजॅबरडी किंवा प्रॉसडी. व्हॉट्सॲपची सुरुवात ईजॅबरडीवरूनच झाली होती, पण पंधरा माणसांना प्रॉसडी पुरतो, त्याच मशीनवर आरामात चालतो. पोर्ट ५२२२ उघडा. ५२६९ दुसऱ्या सर्व्हरशी बोलायला असतो, चॅट ऑफिसपुरतंच असेल तर तो बंद ठेवा.