टेप कधीची, ते कोपऱ्यातल्या लोगोला विचारा

शेजारच्या काकूंनी एक व्हीएचएस कॅसेट आणून दिली. लेबलवर निळ्या पेनाने ‘होम मि. – पुसू नये’. काकू म्हणाल्या २००३, काका म्हणाले छे, २००६. टेप लावल्यावर दोघंही चुकले. घरोघरच्या अशा टेपा मी बऱ्याच वर्षांपासून उतरवून देतोय, आणि लोक साल कसं ठरवतात ते पाहून कपाळाला हात लावायची वेळ येते. साल लेबलवरून किंवा आठवणीतून नाही, पडद्याच्या कोपऱ्यातल्या वाहिनीच्या लोगोवरून ठरवायचं. तेव्हा एकदाचं सांगूनच टाकतो.

१. टेप कॉम्प्युटरवर घ्या. व्हीसीआर, कॅप्चर कार्ड (व्हीसीआरचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारं), साफ केलेलं हेड (व्हीसीआरचा टेप वाचणारा भाग), झालं. रिळावर पांढरी बुरशी दिसली तर मात्र टेप आत घालू नका. हेड बिघडेल आणि पुढच्या टेपांनाही तीच लागेल. दुकानात देणार असाल तर ‘चौकट कापायची नाही’ असं लिहूनच द्या. एका दुकानदाराने मला रुंद टीव्हीवर ‘भरून दिसावं’ म्हणून वरखाली कापून दिलं होतं. लोगोचा निम्मा भाग त्यातच गेला.

२. लोगो स्पष्ट दिसेल तिथे थांबवून चित्र काढून ठेवा. एक पुरत नाही. जिथे चित्र उडतं, पट्टे येतात, तिथून पुढे पुन्हा एक काढा. टेप महाग होती, आपण एकावर एक रेकॉर्ड करायचो. मॅचच्या शेपटाला मालिका चिकटलेली असते.

३. नावांची वंशावळ जवळ ठेवा. दूरदर्शनची मराठी उपग्रह वाहिनी १५ ऑगस्ट १९९४ची. ‘सह्याद्री’ हे नाव तिला २०००मध्ये मिळालं. अल्फा मराठी १९९९मध्ये आली आणि २००५मध्ये झी मराठी झाली. ईटीव्ही मराठी २०००ची, ती २०१५च्या मार्चमध्ये कलर्स मराठी झाली. बातम्यांत स्टार माझा २००७चं, १ जून २०१२पासून एबीपी माझा. नव्वद टक्के टेपांना एवढं पुरतं.

४. आता खरी गोम. सुरुवातीची दोन वर्षं मी इथेच तोंडावर आपटलो.

माझी पद्धत होती मालिका ओळखायची, ती कधी सुरू झाली ते शोधायचं आणि तेच साल टेपवर डकवायचं. साफ चूक. मालिका कधी सुरू झाली याला टेपच्या दृष्टीने फारशी किंमत नाही. ती वर्षानुवर्षं चालते, पुन्हा दाखवली जाते. ‘वादळवाट’ २००३मध्ये अल्फावर सुरू झाली आणि २००७मध्ये झी मराठीवर संपली. मालिका तीच, लोगो दोन. नुसतं नाव वाचून काय ठरवणार? लोगो मात्र प्रक्षेपणाच्या वेळी चढतो, त्यामुळे रेकॉर्डिंगची वेळ तोच सांगतो.

म्हणून दोन टोकं पकडायची. कार्यक्रम सुरू झाला ते आधीचं टोक, लोगो गेला ते नंतरचं. काकूंचंच बघा. ‘होम मिनिस्टर’ सुरू झाला सप्टेंबर २००४मध्ये. टेपवर लोगो अल्फाचा. अल्फा हे नाव गेलं २००५मध्ये. म्हणजे उरले मोजके महिने. काकूंचं २००३ बाद, काकांचं २००६ही बाद.

यात तीन खड्डे आहेत. पहिला: वाहिनीच्याच यूट्यूबवर टाकलेले जुने भाग. त्यांच्यावर बऱ्याचदा आजचा लोगो चढवलेला असतो. ते बघून ‘तेव्हा लोगो असाच होता’ म्हणू नका. दुसरा: गणपती-दिवाळीला लोगोला तोरण, पणती लावतात. तो नवा लोगो नव्हे, सणाचा साज आहे. पण महिना कळायला सोन्यासारखा. तिसरा, आणि याचा मला मनस्वी राग आहे: हौशी पोरांनी घरी बसून बनवलेले ‘जुने लोगो’. इंटरनेटवर खाली साल टाकून ते फिरतात, गुळगुळीत, एकही रेघ न थरथरणारे. टेपवरून घेतलेल्या चित्रात रंग थोडा तरी फुटलेला असतो, कडा विरलेल्या असतात. काचेसारखं स्वच्छ दिसलं की आधी शंका घ्या.

५. जाहिराती पुढे पळवू नका. लोक पहिलं तेच करतात! चित्रपटाची ‘या शुक्रवारपासून’, साड्यांचा सेल, निवडणुकीची पट्टी, सगळं कामाचं. काकूंच्या टेपमध्ये मध्यंतरात फराळाच्या तेलाची आणि दिवाळी सेलची जाहिरात निघाली. अल्फाच्या काळात ‘होम मिनिस्टर’च्या वाट्याला दिवाळी एकच आली, २००४ची, नोव्हेंबरातली. एवढं नेमकं साल मला क्वचितच मिळतं.

६. फाइलच्या नावात साल-महिना आधी, मग वाहिनी, मग कार्यक्रम. खात्री नसेल तर ‘२००४ ते २००५’ असं मोकळेपणी लिहा.

काकूंना पेन ड्राइव्ह दिला. त्यांनी पैठणीकडे पाहिलंच नाही, पडद्यावर भावोजींच्या मागे दारात उभ्या असलेल्या आपल्या सासूबाईंवर बोट ठेवून म्हणाल्या, “दिवाळीच होती. बघ, हातात चकलीचा सोऱ्या आहे.”