झोपेत लाथा, ओरडणं: आम्हाला काय उपयोगी पडलं

आमचे हे साठी उलटल्यावर झोपेत लाथा मारायला लागले, म्हणजे स्वप्नात कुत्रं मागे लागलं की पाय खरंच झाडायचे, एका पहाटे तर गुद्दा थेट माझ्या कानशिलावर आणि शेजारच्या टेबलावरचा तांब्याभांडं खाली. सासूबाईंनी दृष्ट काढली, फरक शून्य. उठवलं की लगेच भानावर येऊन अख्खं स्वप्न सांगायचे. मी मोबाईलवर व्हिडिओ काढून न्यूरॉलॉजिस्टना दाखवला, तो फार कामाला आला, तुम्हीपण काढाच.

स्वप्नं पडतात त्या झोपेत मेंदू स्नायू सैल करून ठेवतो, ते होत नाही म्हणून माणूस स्वप्न अंगाने जगतो, याला आरबीडी (आरईएम स्लीप बिहेव्हियर डिसऑर्डर) म्हणतात. रात्रभर वायरी लावून स्लीप स्टडी झाली. डिप्रेशनच्या काही गोळ्यांनीही हे सुरू होतं, म्हणून चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना दाखवा, स्वतःहून बंद मात्र करू नका. ह्यांना मेलाटोनिन (झोपेचं हार्मोन) दिलं, डोस हळूहळू वाढवला. क्लोनाझेपाम ही गुंगी आणणारी गोळीही देतात पण ह्यांना स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा त्रास निघाला म्हणून ते टाळलं.

औषधाइतकीच महत्त्वाची गादी! पलंग काढला, गादी जमिनीवर, टेबल आणि काचेच्या वस्तू बाहेर, भिंतीकडे लोड, मी वेगळ्या गादीवर. आता क्वचित बडबडतात, मारामारी नाही.

आरबीडीवाल्या बऱ्याच जणांना काही वर्षांनी पार्किन्सन्स (कंपवात) होतो, ऐकून पोटात गोळा आला होता, पण म्हणूनच वास कमी येणं, बद्धकोष्ठता, हात थरथरणं याकडे लक्ष ठेवतोय आणि दरवर्षी दाखवून येतो.