वाळूतले आणि करलातले फोरामिनिफेरा ओळखताना या चुका टाळा

हर्णै, केळशी, दिवेआगर, आक्षी, यांपैकी कुठल्याही पुळणीवरची चिमूटभर वाळू नीट भिंगाखाली पाहिली, तर खनिजांच्या कणांत मधूनमधून वेटोळ्याची पांढुरकी कवचं दिसतात. ही फोरामिनिफेरांची, म्हणजे समुद्रातल्या एकपेशीय जिवांची चुन्याची कवचं. किनाऱ्यालगत वाळू आणि शिंपले चुन्याने सांधले जाऊन जो करल तयार होतो, त्यातही ती अडकलेली असतात. कॉलेजच्या प्रकल्पांत हल्ली हा विषय बराच घेतला जातो. गोळा करणं जमतं, फोटोही छान येतात, पण खाली लिहिलेलं नाव बहुतेक वेळा घाईचं असतं. सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो अमोनिया या वंशाच्या बाबतीत, कारण खाडीच्या मुखापासून पुळणीपर्यंत तो सगळीकडे भेटतो. म्हणून उदाहरणं त्याचीच घेतो.

सुरुवात नमुन्यापासून. सुरूच्या बनाजवळची कोरडी वाळू उचलू नका. ओहोटीला वाळूवर लाटांच्या बारीक वळ्या उमटतात, त्यांच्या खोलगट भागात हलके पांढरे कण साचून पट्टे दिसतात. ते वरवर खरवडून घ्या. ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर गोड्या पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा. कवचं ‘स्वच्छ’ करायला व्हिनेगर किंवा लिंबू वापरायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. कवच चुन्याचं आहे, आम्लात आधी त्याच्यावरची नक्षी जाते आणि मग कवचच जातं. करलाच्या बाबतीत तर आम्लाचा विचारही नको, कारण तिथे सांधणारा मालही चुनाच आहे. हातोडीने करल फोडला की कवचाचे तुकडेच हाती येतात. उन्हापावसाने झिजलेल्या करलाच्या बुडाशी सुटे कण पडलेले असतात ते घ्या, नाहीतर प्रयोगशाळेत पातळ काप करून घ्या. मात्र कापात कवचाचा फक्त छेद दिसतो. त्यावरून जातीचं नाव ठोकून देऊ नये.

दुसरी चूक म्हणजे गोल वळलेलं दिसलं की फोरामिनिफेरा म्हणणं. इवल्याशा शंखांची पिल्लं याच आकाराची असतात. फरक आत आहे. शंखाची नळी आतून सलग असते, तर अमोनियात पडदे घालून वेगवेगळे कप्पे केलेले असतात. शंका आली तर कवचावर पाण्याचा थेंब सोडा. ताजं कवच ओलं झालं की काचेसारखं पारदर्शक होतं आणि पडदे स्वच्छ दिसतात. दोन फाकांचं, बीसारखं काही दिसलं तर ते ऑस्ट्राकॉड, म्हणजे कोळंबीच्या नात्यातला इवलासा कवचधारी जीव, असण्याची शक्यता जास्त. ही गल्लत करणाऱ्यांनी फार वाईट वाटून घेऊ नये. १७५८ मध्ये स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने अमोनियाच्याच एका जातीला ‘नॉटिलस बेकारी’ म्हणून शंखवाल्या प्राण्यांत बसवलं होतं. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ द’ऑर्बिन्यीने १८२६ मध्ये सगळे फोरामिनिफेरा माखलीच्या कुळात घातले. हे जीव साधे, एकपेशीय आहेत हे दुजार्दां या दुसऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३५ मध्ये दाखवलं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. एकाच बाजूने पाहून वर्णन लिहू नका. अमोनियाच्या दोन बाजू इतक्या वेगळ्या असतात की नवख्याला त्या दोन जाती वाटतात. एका बाजूला, जिथे कवच किंचित उंच असतं, सगळी वेटोळी आणि मधला पहिला गोल कप्पा दिसतो. उलट बाजूला फक्त शेवटचं वेटोळं दिसतं, मध्ये बेंबीसारखा खळगा असतो आणि काही जातींत त्या खळग्यात चुन्याचा गोळा बसलेला असतो. कवच असतं रव्याच्या कणाएवढं, बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे बोटाने उलटवता येत नाही. शून्य नंबरचा ब्रश ओला करून टोकाने टिपा, उलटवा, मग कडेवरही उभं करून बघा. तिन्ही बाजूंची चित्रं काढल्याशिवाय पुढे जाऊ नये. शेजारी एल्फिडियम या दुसऱ्या वंशाचं कवच ठेवून पाहिलं की हा नियम पटतो: ते दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं आणि कप्प्यांच्या शिवणींवर बारीक पूल असतात. क्विंक्वेलोक्युलिना हा तिसरा वंश तर चिनी मातीसारखा दुधी, लांबट, आणि कवचाच्या तोंडात दातासारखा एक उंचवटा.

वेटोळ्याच्या दिशेवरूनही गोंधळ होतो. दिशा नेहमी उंच बाजूकडून पाहायची. कप्पे आतून बाहेर घड्याळाच्या काट्याप्रमाणे वाढत गेले तर उजवं. सूक्ष्मदर्शकात चित्र उलटं दिसतं म्हणून दिशा बदलत नाही, कारण ते फक्त अर्धा फेरा फिरलेलं असतं. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात मात्र आरशासारखी प्रतिमा येते आणि उजव्याचं डावं होतं. अमोनियात दोन्ही दिशांची कवचं एकाच जातीत सापडतात, त्यामुळे दिशेवरून जात वेगळी काढू नका. थंड पाण्यात तरंगणाऱ्या निओग्लोबोक्वाड्रिना या फोरामिनिफेराबद्दल पाठ्यपुस्तकं सांगतात की वेटोळ्याच्या दिशेवरून जात ओळखता येते, ते इथे लावू नये.

आकाराचंही तसंच. पहिला कप्पा एका कवचात मोठा, दुसऱ्यात लहान दिसला की जात वेगळी, असं नाही. या जिवांत अलैंगिक आणि लैंगिक पिढ्या आलटून पालटून येतात. अलैंगिक पिढीतून आलेल्याचा पहिला कप्पा मोठा असतो, लैंगिक पिढीतून आलेल्याचा लहान. नम्युलाइट्स या नाण्यासारख्या जीवाश्म फोरामिनिफेरांच्या बाबतीत एकाच जातीच्या या दोन रूपांना पूर्वी दोन-दोन नावं दिली गेली होती. म्हणून एका सुंदर कवचावर न थांबता एकाच नमुन्यातली भरपूर कवचं मांडा, त्यात लहानमोठी सगळी येऊ द्या.

रंगावरून वय ठरवणं तर कोकणात अजिबात चालत नाही. जांभ्यातलं लोह पाण्याबरोबर उतरतं आणि कालपरवाच्या कवचालाही तांबूस छटा चढते. पांढरं, अपारदर्शक म्हणजे जुनं, असंही नाही. क्विंक्वेलोक्युलिना जिवंतपणीही पांढरंच असतं. करलातून सुटलेल्या कवचाच्या खोबणीत सांध्याचा चुना किंवा वाळूचे कण चिकटून राहिलेले दिसतात आणि शिवणी घासलेल्या असतात, ते बघा. जिवंत किंवा नुकत्याच मेलेल्या जिवांची कवचं ओळखायला रोझ बेंगॉल हे रंगद्रव्य वापरतात, पण त्यासाठी नमुना घेतल्याबरोबर जतन करावा लागतो. वाळवलेल्या वाळूवर ते लावून काही उपयोग नाही.

नाव लिहिताना सरसकट ‘अमोनिया बेकारी’ लिहायची सवय सोडा. खरी बेकारी भरपूर नक्षीची असते, आणि इथे सापडणारी साधी, लहान, गोळा नसलेली कवचं अमोनिया टेपिडा या जातीसारख्या रूपांकडे झुकतात. २००४ मध्ये जनुकीय अभ्यासातून अमोनियाचे १३ वेगवेगळे प्रकार दाखवले गेले, आणि त्यांतले बरेच एकमेकांसारखे दिसतात. खात्री नसेल तिथे ‘अमोनिया, जात अनिश्चित’ एवढंच लिहा आणि खाली वर्णन द्या: कप्पे किती, शिवणी कशा, बेंबीत गोळा आहे की नाही, व्यास किती. फोटोत मोजपट्टी हवीच, ‘चाळीस पट’ असं लिहून काही कळत नाही.

पावसाळ्यात डिंक लावलेल्या कागदी स्लाइडवर बुरशी धरते, तेव्हा डबीत सिलिका जेलची पुडी टाका. लाकडी पेटीऐवजी प्लॅस्टिकचा डबा बरा, कारण लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफा चुन्याची कवचं खातात. लेबलवर गाव, भरतीच्या रेषेपासूनची जागा, तारीख आणि वाळू की करल हे पेन्सिलने लिहा, शाई दमट हवेत पसरते.