नेट चालू, तरी प्लगइन बंद : ऑथरायझेशनची अडचण नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये शोधताना

लग्नसराईत रात्री उशिरा येणारा फोन बहुधा एकाच वाक्याने सुरू होतो : “भाऊ, नेट ते चालू शे!” पुढची तक्रारही ठरलेली असते. यूट्यूब चालते, व्हॉट्सअॅप चालते, पण रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर किंवा एखादे प्लगइन, म्हणजे त्याला जोडायचा छोटा प्रोग्राम, “ऑथरायझेशन अयशस्वी”, म्हणजे परवान्याची पडताळणी झाली नाही, असे सांगून अडून बसते आणि उद्या सकाळी बँडवाल्यांना ट्रॅक द्यायचा असतो. जळगाव, धुळे, नंदुरबार भागात घरातल्या एका खोलीत अहिराणी गाणी आणि कानबाईची गाणी रेकॉर्ड करणारे अनेक जण आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांचे नेट कधी केबलवाल्याचे फायबर असते, तर कधी मोबाइलचा हॉटस्पॉट. ही अदलाबदलच पुष्कळ अडचणींचे मूळ असते, म्हणून ती कशी तपासावी ते येथे क्रमाने लिहीत आहे.

सर्वांत आधी एक गोष्ट करू नये. घाईघाईने सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकू नये आणि परवाना डीऑथराइझही करू नये, म्हणजे या संगणकावरून सोडवूही नये. बहुतेक परवाने मोजक्याच संगणकांवर चालतात. परवाने तपासणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरपर्यंत निरोप पोहोचतच नसेल, तर डीऑथराइझ केल्याची नोंद तिकडे होत नाही, इकडचा परवाना मात्र हातचा जातो. संदेशाची चौकट दिसली की मोबाइलने तिचा फोटो काढावा, वेळ टिपून ठेवावी आणि मगच पुढचे काम हाती घ्यावे.

तो संदेश नीट वाचला, तर अडचण दोहोंपैकी कोणत्या जातीची आहे ते कळते. “सर्व्हरशी संपर्क होत नाही”, “वेळ संपली”, “सुरक्षित जोडणी होऊ शकली नाही” अशा अर्थाचे शब्द असतील, तर निरोप वाटेत अडकला आहे. “हा संगणक ओळखता येत नाही”, “परवाना दुसऱ्या यंत्रावर आहे”, “संख्येची मर्यादा संपली” असे असेल, तर निरोप पोहोचला आहे, पण तिकडच्या यादीत आपला संगणक अनोळखी ठरला आहे. पहिल्या जातीत नेटवर्कवर संशय घेणे कोणालाही सुचते. दुसऱ्या जातीमागेही नेटवर्कची सेटिंग असू शकते, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही आणि लोक विनाकारण नवा परवाना विकत घेण्याचा विचार करू लागतात.

ब्राउझर चालतो म्हणजे नेट निर्दोष आहे, हा निष्कर्षही काढू नये. समोरचा सर्व्हर खरा आहे हे ज्यांवरून ओळखतात त्या प्रमाणपत्रांची फायरफॉक्ससारख्या ब्राउझरची यादी स्वतःची असते. काही ब्राउझर पत्ता शोधण्याचे काम, म्हणजे डीएनएस, स्वतःच्या मार्गाने करतात आणि व्हीपीएनचे, म्हणजे नेटची वाट दुसऱ्या सर्व्हरवरून वळवणारे, एखादे एक्स्टेन्शन केवळ ब्राउझरपुरतेच काम करत असते. परवाना तपासणारा छोटा प्रोग्राम मात्र बहुधा विंडोजच्या किंवा मॅकच्या सेटिंग्जवरच विसंबून असतो, त्यामुळे तेथे बिघडलेली गोष्ट ब्राउझरमध्ये दिसतही नाही.

पहिली चाचणी दोन मिनिटांची आहे. घरचे नेट सोडून मोबाइल डेटाचा हॉटस्पॉट वायफायवरून संगणकाला द्यावा आणि पुन्हा ऑथरायझेशन करून पाहावे. मोबाइल केबलने जोडून नेट घेऊ नये, त्याचे कारण पुढे येईल. हॉटस्पॉटवर काम झाले, तर दोष राउटरमध्ये किंवा त्यापलीकडच्या जोडणीत आहे. नाही झाले, तर दोष बहुतेक संगणकातच आहे. या एका चाचणीने निम्मे रान साफ होते. वसतिगृहाच्या किंवा कॉलेजच्या वायफायवर असाल, तर आधी ब्राउझरमध्ये त्यांचे लॉगिनचे पान उघडून प्रवेश करावा, कारण ते लॉगिन होईपर्यंत प्लगइनचा निरोप दारातच अडवला जातो.

दोष संगणकात असेल, तर पहिली नजर घड्याळावर टाकावी. हे नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये मोडत नाही असे वाटेल, पण सुरक्षित जोडणीत सर्व्हर जे प्रमाणपत्र दाखवतो त्याला आरंभाची आणि अखेरची तारीख असते. संगणकाचे घड्याळ त्या मुदतीच्या बाहेर असेल, तर तो खऱ्या सर्व्हरलाच तोतया समजून जोडणी तोडतो. अमळनेरच्या एका मित्राकडे ऐन उन्हाळ्यात हाच प्रकार झाला होता. वीज गेली की तो बोर्डाचे बटणच बंद करून ठेवत असे आणि प्रत्येक वेळी संगणक काही वर्षे मागच्या तारखेने सुरू होत असे. झाकण उघडले, तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा रुपयाच्या नाण्याएवढा सेल संपलेला होता आणि त्याच्या कडेला पांढरी भुकटी धरली होती. सेल बदलला, तारीख हाताने बसवली, वेळेचा पट्टा भारताचा, म्हणजे जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढचा, निवडला आणि मग “आता सिंक करा” दाबले. ज्या प्लगइनसाठी त्याने दोनदा विंडोज टाकले होते, ते पहिल्याच प्रयत्नात उघडले.

घड्याळ बरोबर असेल, तर होस्ट्स नावाची फाइल पाहावी. विंडोजमध्ये ती सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या फोल्डरांच्या वाटेने सापडते. तिचे काम जुन्या काळच्या हस्तलिखित फोनडायरीसारखे आहे : एखाद्या नावापुढे तेथे पत्ता लिहिलेला असेल, तर संगणक डीएनएसला विचारतच नाही. परवाना सर्व्हरच्या नावापुढे १२७.०.०.१ किंवा ०.०.०.० असे लिहिलेले असले, तर संगणक आपला निरोप स्वतःच्याच खिशात टाकत बसतो. या ओळी आपोआप उगवत नाहीत. पूर्वी कोणीतरी त्या संगणकावर चोरीचे सॉफ्टवेअर टाकताना त्या घातलेल्या असतात, पुढे मालक बदलतो, तो रीतसर परवाना विकत घेतो आणि जुन्या पापाचा दंड नव्याला भरावा लागतो. सेकंडहँड संगणक घेतलेल्यांनी ही फाइल अवश्य पाहावी.

ती सुधारताना नोटपॅड अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावे, नाहीतर सेव्ह होत नाही. सेव्ह करताना नावाला टीएक्सटी हे शेपूट लागणार नाही याचीही काळजी घ्यावी, कारण मग नवीच फाइल तयार होते आणि जुनी होती तशीच राहते. विंडोजच्या मूळ फाइलमध्ये सगळ्या ओळी हॅशच्या चिन्हाने सुरू होतात, म्हणजे त्या निव्वळ टिपणी असतात. मॅकवर मात्र लोकलहोस्ट आणि ब्रॉडकास्टहोस्ट यांच्या ओळी मुळातच असतात आणि त्यांना हात लावू नये. ओळ पुसण्यापेक्षा तिच्या आधी हॅश टाकणे बरे, म्हणजे चुकले तर परत फिरता येते. त्यानंतर कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, आयपीकॉन्फिगची फ्लशडीएनएस ही आज्ञा देऊन जुनी आठवण पुसावी. त्याच वेळी विंडोज फायरवॉलमधील बाहेर जाणाऱ्या जोडण्यांचे नियमही पाहावेत. होस्ट्समध्ये ओळी घालणाऱ्याने तेथेही त्या सॉफ्टवेअरच्या नावाने आडकाठी घातलेली असण्याचा संभव असतो.

प्रॉक्सीचा, म्हणजे निरोप ज्याच्यामार्फत जातो त्या मध्यस्थाच्या सेटिंगचा, दोष असाच मागे उरलेला असतो. फुकटचे व्हीपीएन वापरून काढून टाकले, तरी विंडोजच्या नेटवर्क सेटिंग्जमधील प्रॉक्सीच्या पानावर १२७.०.०.१ आणि पुढे एखादा पोर्ट क्रमांक तसाच राहतो. तो बंद करावा. पार्श्वभूमीत चालणारे काही प्रोग्राम विनएचटीटीपी नावाची वेगळी प्रॉक्सी पाहतात. कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटएसएच, विनएचटीटीपी, शो, प्रॉक्सी हे चार शब्द इंग्रजीत ओळीने लिहिले की तिची स्थिती दिसते आणि “शो”च्या जागी “रीसेट” लिहिले की ती साफ होते. व्हीपीएन सध्याही चालू असेल, तर ऑथरायझेशनपुरते ते बंद ठेवावे.

डीएनएसबद्दल थोडक्यात सांगतो. राउटरने दिलेला डीएनएस अडखळत असेल, तर संगणकात त्याच्या जागी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ हा सार्वजनिक डीएनएसचा पत्ता लिहून पाहावा. मोबाइल कंपन्यांच्या जाळ्यावर आयपीव्ही६, म्हणजे नेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत, मोठ्या प्रमाणात चालते आणि जुने ऑथरायझेशन प्रोग्राम त्यावर कधी गोंधळतात, म्हणून नेटवर्क कार्डाच्या गुणधर्मांत आयपीव्ही६ची खूण तात्पुरती काढून पाहावी, पण चाचणी झाली की ती परत लावावी. राउटरमध्ये पोर्ट उघडा असा सल्ला कोणी दिला, तर तो सोडून द्यावा. ऑथरायझेशनची जोडणी आपल्याकडून बाहेर जाते आणि बहुधा ४४३ या नेहमीच्या पोर्टावरूनच जाते, त्यामुळे बाहेरून आत येण्याची वाट मोकळी करून काहीच साधत नाही.

हॉटस्पॉटवर चालते, पण घरच्या फायबरवर लॉगिनची खिडकी पांढरीच राहते, असे असेल तर पाकिटाच्या आकारावर संशय घ्यावा. नेटवरचा मजकूर छोट्या पाकिटांत विभागून जातो आणि साध्या जोडणीत पाकीट जास्तीत जास्त १५०० बाइटचे असते. पीपीपीओई, म्हणजे राउटरमध्ये नाव-पासवर्ड भरून जोडण्याच्या पद्धतीच्या फायबरवर त्यातले ८ बाइट त्या पद्धतीच्या वेष्टनालाच लागतात आणि १४९२ उरतात. राउटरमध्ये हा आकडा चुकला, तर छोटे निरोप जातात, मोठे वाटेत गळतात, आणि म्हणून काही पाने उघडतात व काही लटकतात. विंडोजच्या पिंग आज्ञेत तुकडे न करण्याचा पर्याय देऊन १४६४ आकाराचे पाकीट पाठवावे. पिंग स्वतःचे २८ बाइट जोडते, म्हणून बेरीज १४९२ होते. ते गेले नाही, तर आकडा दहा-दहाने उतरवत जावा. जो आकडा पार होईल त्यात २८ मिळवून ती बेरीज राउटरच्या एमटीयूच्या, म्हणजे पाकिटाच्या कमाल आकाराच्या, रकान्यात लिहावी.

अँटीव्हायरसची गोष्ट वेगळी. काही अँटीव्हायरस सुरक्षित जोडणी मध्येच उघडून तपासतात आणि स्वतःचे प्रमाणपत्र पुढे करतात. परवाना प्रोग्रामाला ते पटत नाही. संपूर्ण अँटीव्हायरस काढू नये. एचटीटीपीएस तपासणीची सोय तेवढी बंद करून पाहावी किंवा त्या प्रोग्रामाला अपवादात घालावे.

आता दुसरी जात, म्हणजे “हा संगणक ओळखता येत नाही”. अनेक सॉफ्टवेअर संगणकाची ओळख त्याच्या सुट्या भागांवरून ठरवतात आणि त्यांपैकी काही त्यात नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे त्या कार्डाचा ओळखक्रमांकही धरतात (मॅक संगणकाशी या नावाचा संबंध नाही). हा पत्ता कायमचा असतो असे मानले जाते, पण विंडोजमध्ये वायफायच्या पानावर “रँडम हार्डवेअर पत्ते” नावाचा पर्याय आहे, तर मॅकवर सिक्वोया आवृत्तीपासून वायफायसाठी खासगी पत्त्याची सोय आली आहे. हे चालू असेल, तर जाळे बदलले की संगणकाचा चेहराही बदलू शकतो. मोबाइल केबलने जोडला तर विंडोजला एक नवेच नेटवर्क कार्ड दिसते, व्हीपीएन टाकले तर आणखी एक आभासी कार्ड उगवते. अशा वेळी केलेले ऑथरायझेशन केबल काढताच निरर्थक ठरू शकते. मी स्वतः एकदा मोबाइलच्या केबलवर एका प्लगइनचे ऑथरायझेशन केले आणि दुसऱ्या दिवशी गायक माइकसमोर उभा असताना तेच प्लगइन पुन्हा परवाना मागू लागले. दोष माझाच होता, पण ते उमगायला दुपार गेली.

संगीतवाल्यांची एक खास सवयही येथे नडते. रेकॉर्डिंगमध्ये कडकड आवाज येतो, म्हणून डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन वायफायचे कार्डच बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. आवाजासाठी तो बरोबर आहे. परंतु जे सॉफ्टवेअर त्या कार्डावरून संगणक ओळखते, त्याच्यासाठी कार्ड बंद करणे म्हणजे संगणकाचा एक भाग हरवणे होय. अशा संगणकावर कार्ड चालू ठेवून विमानाची खूण दाबावी. तेवढ्याने लहरी थांबतात आणि कार्डही जागेवर राहते. रँडम पत्ता बंद करून, उपऱ्या केबली काढून, व्हीपीएन बाजूला ठेवून मग संगणक पुन्हा सुरू करावा. पुष्कळदा जुना परवाना आपोआप ओळखला जातो आणि नवे काहीच करावे लागत नाही.

आयलॉक या परवाने सांभाळणाऱ्या सेवेच्या क्लाउड परवान्याला, म्हणजे नेटवर ठेवलेल्या परवान्याला, काम चालू असेपर्यंत अखंड नेट लागते, हे मंडपात किंवा सारंगखेड्याच्या यात्रेत लॅपटॉप घेऊन जाणाऱ्यांनी निघण्याआधी ध्यानात घ्यावे. विक्रेत्याने मुभा दिली असेल, तर तो परवाना घरीच संगणकावर किंवा यूएसबी आयलॉकवर, म्हणजे पेनड्राइव्हसारख्या किल्लीवर, हलवून घ्यावा.

काही दरवाजे कोणत्याही सेटिंगने उघडत नाहीत. स्टाइनबर्ग या संगीत सॉफ्टवेअरच्या कंपनीची जुनी ई-लायसन्सर ही परवान्यांची सेवा २० मे २०२५ रोजी बंद झाली, त्यामुळे तिच्यावरचे नवे अॅक्टिव्हेशन आता होणार नाही. विंडोज ७चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला आणि आजचे सर्व्हर मागतात ती टीएलएस १.२ ही सुरक्षित जोडणीची पद्धत त्यात अनेक प्रोग्रामांसाठी मुळात बंद असते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, तेव्हा १०.१२.१ पूर्वीच्या मॅकवर सफारी अडकत होती आणि फायरफॉक्स चालत होता. असे यंत्र असेल, तर राउटरशी झटापट करण्यात वेळ घालवू नये.

इतके करूनही जमले नाही, तर ऑफलाइन मार्ग पाहावा. एबलटन लाइव्ह आपल्या संगणकाचा हार्डवेअर कोड दाखवते. तो दुसऱ्या नेटवाल्या संगणकावरून त्यांच्या खात्यात भरला की एक फाइल मिळते आणि ती पेनड्राइव्हने आणून सॉफ्टवेअरवर टाकली की काम होते. एफएल स्टुडिओमध्ये खात्यातून नोंदणीची फाइल उतरवता येते. रीपर तर परवान्याच्या फाइलवरच चालते. हार्डवेअर कोड कागदावर उतरवताना शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि आय यांत गल्लत होते, म्हणून तो मजकूर फाइलमध्ये चिकटवून त्याच पेनड्राइव्हवर न्यावा आणि कोड घेताना संगणकाला मोबाइलची केबल लावलेली नाही एवढे पाहून घ्यावे.