फ्लेल मॉवरची थरथर आणि तेलगळती: असं दुरुस्त केलं (माझा अनुभव)

खानापूरकडच्या काजूबागांत पावसाळा सरला की घाणेरी आणि रानमोडी डोक्याच्या वर जाते. मिनी एक्स्कॅव्हेटरला फ्लेल मॉवर (फिरत्या ड्रमवरच्या पात्यांनी झुडपं कापणारं यंत्र) लावून ती काढताना दोन बिघाड आले.

पहिला, ड्रमची थरथर. एक फ्लेल (ड्रमवरचं झुलतं पातं) तुटलं होतं. त्याजागी नवं बसवूनही थरथर राहिली, कारण नवं जड आणि समोरचं झिजून हलकं. ड्रमवरची समोरासमोरची जोडी एकदम बदलली, बोल्ट आणि लॉकनटही नवे घातले, तेव्हा ड्रम शांत झाला. ड्रमच्या टोकांना वेल किंवा कुंपणाची तार गुंडाळलेली असेल तर आधी कापून काढा. ती बेअरिंगचं सील खाते. हे काम इंजिन बंद करून, ड्रम पूर्ण थांबल्यावरच.

दुसरा, ड्रम फिरवणाऱ्या हायड्रॉलिक मोटरच्या शाफ्टमधून तेलगळती. या मोटरला तीन होज: प्रेशर, रिटर्न आणि बारीक केस ड्रेन (मोटरच्या आत झिरपलेलं तेल बाहेर नेणारा). केस ड्रेन रिटर्नमध्येच जोडलेला होता, म्हणून रिटर्नचा दाब थेट शाफ्टच्या सीलवर. नुसतं सील बदलाल तर तेही फुटेल. केस ड्रेन वेगळ्या होजने सरळ टाकीत नेला, मग सील बदललं, गळती थांबली.

ऑक्झिलरी लाइनचा (एक्स्कॅव्हेटरकडून मॉवरला तेल देणाऱ्या लाइनचा) प्रवाह मॉवरच्या प्लेटवरच्या मर्यादेतच ठेवा. झुडूप शेंड्याकडून खाली कापत या. इथे गवतात जांभ्याचे दगड लपलेले असतात, त्यामुळे ड्रम जमिनीला टेकवू नका आणि बागेत कुणालाही जवळ उभं राहू देऊ नका.