सायनस हटतच नाही, तेव्हा काय करावं?

सकाळी डोळे उघडायच्या आत कळतं, आज उजवी नाकपुडी बंद. गालाच्या हाडामागे ओला कापूस ठासून भरल्यासारखा वाटतो, रात्रभर घशात उतरलेला कफ तिथेच बसलेला असतो आणि तोंड उघडं टाकून झोपल्यामुळे जीभ कोरडी ठाक पडते. गोळ्या झाल्या, अँटिबायोटिकचे कोर्स झाले, वाफ घेऊन झाली. "अजून सर्दीच का?" असं विचारणाऱ्यांना काय सांगायचं हेही सुचेनासं होतं.

गेली नऊ वर्षं मी हे नाक घेऊन जगते आहे. ते एकदाचं मोकळं व्हावं म्हणून औषधामागून औषध बदलत राहिले, त्यातली बरीच वर्षं वाया गेली. नाक नेमकं कशानं बंद होतंय हे कळलं आणि रोजची पंधरा मिनिटं त्याला द्यायचं ठरवलं, तेव्हापासून दिवस बरे जाऊ लागले. हा लेख त्या क्रमानंच लिहिला आहे.

पायरी १ : आधी दुखण्याचं नाव नक्की करा

"मला सायनस आहे" असं आपण सहज म्हणतो. सायनस म्हणजे कवटीतल्या हवेच्या पोकळ्या, त्या सगळ्यांनाच असतात. कपाळात, गालांत, दोन डोळ्यांच्या मधे आणि नाकाच्या अगदी मागे, अशा चार जोड्या. त्यांच्या अस्तराला आलेली सूज १२ आठवड्यांहून जास्त टिकली तर तिला जुनाट म्हणतात. नाक चोंदणं, पुढून किंवा घशात मागून स्राव उतरणं, चेहऱ्यावर दाब, वास कमी होणं यांतली निदान दोन लक्षणं हवीत. त्यांतलं एक तरी चोंदणं किंवा स्राव असायला हवं. शिवाय दुर्बिणीत किंवा सीटी स्कॅनमध्ये सूज प्रत्यक्ष दिसायला हवी. नुसत्या लक्षणांवरून वर्षानुवर्षं औषधं चालू असतील, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीनं नाक तपासून घ्या. तपासणीला पाच मिनिटंही लागत नाहीत.

औषध लागू पडत नाही याचं मोठं कारण पुष्कळदा हेच असतं, की ते भलत्याच आजाराला दिलेलं असतं. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात "मला सायनसची डोकेदुखी आहे" असं सांगणाऱ्या सुमारे ३,००० लोकांना तपासलं, तर ८८ टक्के लोकांची डोकेदुखी मायग्रेनच्या प्रकारची निघाली. मायग्रेनमध्येही नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं, गालात ठणका लागतो. म्हणून फसगत होते. दुखणं ठणक्याचं असेल, उजेड किंवा आवाज सहन होत नसेल, मळमळत असेल आणि काही तासांनी किंवा दोन-तीन दिवसांनी सगळं ओसरत असेल, तर डॉक्टरांना हे मुद्दाम सांगा.

आणखी काही खुणा डोळ्यांत तेल घालून पाहण्यासारख्या आहेत. एकाच बाजूनं घाण वासाचा स्राव येत असेल तर वरच्या दाढांची तपासणी करा. त्यांची मुळं गालातल्या पोकळीच्या तळाला लागून असतात आणि किडलेल्या दाढेचा पू तिथे उतरतो. असा दाढेचा सायनस दाढेवर इलाज झाल्याखेरीज जात नाही. वास पार गेला असेल तर पॉलिप, म्हणजे अस्तराच्या सुजेतून लोंबणाऱ्या मऊ गाठी, असू शकतात. पॉलिप आणि दमा दोन्ही असतील आणि ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेतल्यावर छाती भरून येत असेल, तर ते न विसरता सांगा. हा वेगळाच आजार आहे, त्याचे उपचारही वेगळे आहेत. वारंवार न्यूमोनिया किंवा कानाचे संसर्ग होत असतील तर प्रतिकारशक्तीची तपासणी मागा.

सीटी स्कॅन सर्दी ऐन भरात असताना काढू नका. साध्या सर्दीतही पोकळ्या भरलेल्या दिसतात आणि त्या चित्रावरून चुकीचे निर्णय होतात.

पायरी २ : नाक मोकळं करणारे थेंब थांबवा

झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन ही त्या थेंबांतली औषधं. दोन मिनिटांत नाक उघडतं, म्हणून ती जवळची वाटतात. पण तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरली की अस्तर उलटं फुगायला लागतं, मग ते उतरवायला पुन्हा थेंब. उशीखाली बाटली ठेवून झोपणारी कितीतरी माणसं या चक्रात वर्षांनुवर्षं अडकलेली असतात आणि त्यांना वाटतं आजार बळावला.

सोडताना एक युक्ती बऱ्याच जणांना कामी येते: आधी एकाच नाकपुडीतले थेंब बंद करा. दुसरीतून श्वास चालू राहतो. पहिली एक-दोन आठवड्यांत स्थिरावली की दुसरीतले थांबवा. या काळात डॉक्टर सहसा स्टिरॉइडचा फवारा जोडीला देतात. पहिल्या चार-पाच रात्री कठीण जातात, त्यासाठी मनाची तयारी ठेवा.

पायरी ३ : नाक धुवायला शिका

माझ्या मते या सगळ्यातलं सर्वांत उपयोगी काम हेच आहे, आणि सर्वांत अर्धवट केलं जाणारंही हेच.

गालातल्या पोकळीचं तोंड तळाशी नसतं, वर छताजवळ असतं. अस्तरावरचे सूक्ष्म केस चिकट स्राव वर ढकलत त्या तोंडापर्यंत नेतात. सूज आली की हे केस थकतात, स्राव घट्ट होतो आणि तोंडही अरुंद होतं. मिठाचं पाणी तो घट्टपणा, धूळ आणि सूज वाढवणारी द्रव्यं वाहून नेतं, आणि मागून येणाऱ्या औषधासाठी अस्तर स्वच्छ ठेवतं.

पाण्याबाबत कसलीही तडजोड नको. नळाचं पाणी थेट नाकात घालू नका. २०११ साली अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्यानं नाक धुणाऱ्या दोघांचा मृत्यू झाला. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा नाकातून मेंदूपर्यंत गेला होता. असं फार क्वचित घडतं, पण घडलं की जीव वाचणं अवघड असतं. पाणी खळखळून उकळू लागल्यावर १ मिनिट तसंच उकळू द्या (२,००० मीटरहून उंच ठिकाणी ३ मिनिटं), झाकून कोमट होऊ द्या आणि २४ तासांत संपवा. डिस्टिल्ड किंवा निर्जंतुक पाणीही चालतं.

प्रमाण : १ लिटर पाण्याला ९ ग्रॅम मीठ. हे ५ मिलिलिटरच्या सपाट चमच्यानं साधारण दीड चमचा होतं. आयोडीन नसलेलं, गुठळ्या होऊ नयेत म्हणून काही मिसळलेलं नसलेलं मीठ घ्या. अर्धा चमचा खाण्याचा सोडा घातला तर झोंबणं कमी होतं. पाणी झोंबलं तर बहुधा मीठ कमी पडलेलं असतं. साध्या पाण्यानं जास्त झोंबतं, हे ऐकायला उलटं वाटलं तरी खरं आहे.

बेसिनवर वाका, डोकं किंचित एका बाजूला कलतं करा, तोंड उघडं ठेवा आणि तोंडानंच श्वास घ्या. वरच्या नाकपुडीत नाक धुण्याच्या, दाबता येणाऱ्या बाटलीचं टोक लावून हलका दाब द्या, पाणी दुसऱ्या नाकपुडीतून येईल. जलनेतीचं भांडं असेल तर डोकं थोडं जास्त कलवावं लागतं, कारण तिथे पाणी आपल्या वजनानं उतरतं. एका बाजूला १२० मिलिलिटर, मग दुसऱ्या. मधे गिळू नका, कानात दडे बसतात. झाल्यावर पुढे वाकून डोकं दोन्हीकडे फिरवा, म्हणजे अडकलेलं पाणी तासाभरानं अचानक गळत नाही. मग एकेक नाकपुडी हळू शिंकरा, दोन्ही दाबून जोरात नको.

बाटली रोज धुऊन उघडी वाळवा, दर तीन महिन्यांनी बदला. नाक ठार बंद असेल, कान दुखत असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय धुऊ नका.

पायरी ४ : फवारा नीट मारा आणि त्याला वेळ द्या

"स्टिरॉइडचा फवारा वापरून पाहिला, काही फरक नाही," असं सांगणाऱ्यानं तो आठ-दहा दिवसच वापरलेला असतो, किंवा थेट दोन नाकपुड्यांच्या मधल्या पडद्यावर मारलेला असतो. मोमेटासोन, फ्लुटिकासोन, ब्युडेसोनाइड या औषधांचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे जातात. दोन-तीन महिने रोज घेतल्याशिवाय निकाल लावू नका.

नाक धुतल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा. मान थोडी खाली. उजव्या नाकपुडीसाठी डाव्या हातात बाटली धरा, डाव्यासाठी उजव्या. असं केलं की टोक आपोआप पडद्यापासून दूर, त्याच बाजूच्या कानाच्या दिशेनं वळतं. हलका श्वास आत घ्या, जोरात ओढू नका. औषध घशात कडू लागलं म्हणजे ते नाकात राहिलंच नाही. रक्त येऊ लागलं तर दोन-चार दिवस थांबून दिशा सुधारा. पॉलिप असलेल्या काहींना डॉक्टर धुण्याच्या पाण्यातच ब्युडेसोनाइड मिसळायला सांगतात. ते औषध त्यांच्या सल्ल्याशिवाय घालू नका.

पायरी ५ : रात्र सांभाळा

आडवं झालं की डोक्याकडे रक्त वाढतं आणि अस्तर फुगतं. पलंगाची डोक्याकडची बाजू उचला, नाहीतर खांद्यांपासून आधार देणारी उतरती उशी घ्या. नुसतं डोकं उंच केलं तर मान मोडते. कुशीवर झोपल्यावर खालची नाकपुडी बंद होते आणि वरची उघडते, तेव्हा जी जास्त चोंदली असेल ती वर ठेवा.

नाकपुड्या आलटूनपालटून बंद होणं हा मात्र आजार नाही. निरोगी नाकातही दर काही तासांनी ही अदलाबदल होते. जर्मन डॉक्टर रिचर्ड कायझर यांनी १८९५ सालीच ती नोंदवली होती. सूज असलेल्याला ती जाणवते, एवढाच फरक. हे कळल्यावर माझी निम्मी घालमेल थांबली.

घरातल्या धुळीतल्या किड्यांची ॲलर्जी असेल तर चादरी, अभ्रे दर आठवड्याला ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवा आणि खोलीतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राखा. आणि धूम्रपान, स्वतःचं असो की शेजारच्याचं, ते टाळल्याशिवाय बाकीचे कष्ट फुकट जातात.

पायरी ६ : कशावर किती भिस्त ठेवायची ते ठरवा

मेन्थॉलनं नाक उघडत नाही. नाकातून हवा वाहते आहे हे आपल्याला तिच्या थंडाव्यावरून कळतं, आणि मेन्थॉल थंडावा ओळखणाऱ्या नसांनाच चेतवतं. आराम खरा, पण वाट तेवढीच अरुंद. झोप लागायला मदत होत असेल तर खुशाल वापरा. वाफेचंही तसंच, मात्र उकळत्या पातेल्यावर वाकून भाजून घेऊ नका, मुलांना तर त्यापासून दूरच ठेवा. सर्दीच्या गोळ्यांतल्या फेनिलेफ्रिनबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीनं २०२३ साली एकमतानं सांगितलं, की तोंडानं घेतल्यास त्याचा चोंदलेल्या नाकावर उपयोग होत नाही. अँटिबायोटिक जिवाणूंसाठी असतं. जुनाट सायनसमध्ये मुख्य दुखणं सुजेचं असतं, म्हणून दर वेळी त्याचा हट्ट धरू नका.

भरभर चालल्यावर मात्र नाक खरोखर मोकळं होतं, थोडा वेळ का होईना. सकाळी मी आधी वीस मिनिटं चालते, मगच फोन उचलते.

पायरी ७ : वही घालून पुढच्या उपचारांचं बोला

चोंदणं, स्राव, वास, झोप, चेहऱ्याचा दाब : प्रत्येकाला रोज ० ते ५ गुण. पाच आकडे, अर्धं मिनिट. तीन महिन्यांची अशी वही डॉक्टरांपुढे ठेवली की "बरं नाही वाटत" या वाक्यापेक्षा कितीतरी जास्त बोलता येतं.

धुणं आणि फवारा नेमानं करूनही आकडे हलले नाहीत, तर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचं विचारा. ती पोकळ्यांची तोंडं रुंद करते, म्हणजे पाणी आणि औषध आत पोचतं. अस्तराचा सुजण्याचा स्वभाव ती बदलत नाही. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरही धुणं, फवारा चालूच राहतो आणि पॉलिप परत येऊ शकतात. हे आधीच कळलं तर नंतर फसवल्यासारखं वाटत नाही. पुन्हापुन्हा पॉलिप होणाऱ्यांसाठी आता इंजेक्शनंही आहेत. त्यांतल्या डुपिलुमॅबला अमेरिकेत २०१९ साली या आजारासाठी परवानगी मिळाली.

डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणं, नजर कमी होणं, तापासोबत असह्य डोकेदुखी, मान ताठ होणं किंवा गुंगी, यांतलं काहीही झालं तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा. एकाच बाजूनं सतत नाक बंद राहून रक्त येत असेल, किंवा वाकल्यावर एका नाकपुडीतून पाण्यासारखा पातळ खारट स्राव ठिबकत असेल, तर याच आठवड्यात तज्ज्ञांना दाखवा. मधुमेह असलेल्यांनी चेहऱ्यावर बधिरपणा किंवा नाकात काळी खपली दिसली तर तासभरही थांबू नये.

पायरी ८ : गेलेल्या वासाची काळजी घ्या

वास गेलेल्या माणसाचं दुःख घरच्यांनाही दिसत नाही. आपल्याच मुलाच्या केसांचा वास येईनासा होतो, जेवण नुसतं गरम आणि खारट लागतं. मन खचलं तर तेही डॉक्टरांना सांगा, जुनाट सायनसमध्ये ते नेहमी घडतं. घरात गॅस गळतीची सूचना देणारं यंत्र आणि धुराचा अलार्म बसवा, आणि उरलेल्या अन्नावर तारीख लिहा.

वासाचा सरावही करता येतो. २००९ साली जर्मनीत थॉमस हुमेल यांच्या गटानं ही पद्धत मांडली: गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग, असे चार वास. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक वास दहा-पंधरा सेकंद हुंगायचा, तो वास कसा होता हे आठवत. निदान १२ आठवडे. सूज आटोक्यात आल्यावर हा सराव सुरू करणं बरं. मला पहिले तीन महिने चारही बाटल्या सारख्याच वाटत होत्या. चौथ्या महिन्यात एका संध्याकाळी लवंग कळली. गुलाब आता कधीकधी कळतो, लिंबू अजून नाही.