टॅग एसएनपी निवडताना माझी पहिली यादी का फसली

एमएस्सीनंतर सोलापुरातच टाइप २ मधुमेहाच्या जनुकांवर काम सुरू केलं. पहिल्याच आठवड्यात सव्वीस एसएनपींची यादी मॅडमपुढे ठेवली. त्यांनी ती वाचलीही नाही.

"नमुने कुणाचे?"

"आपल्याकडचेच, मॅडम. बरेचसे पूर्व भागातले, म्हणजे तेलुगू बोलणारे पद्मशाली."

"आणि ही यादी कुणाची?"

हॅप्लोव्ह्यू या टॅग निवडायच्या सॉफ्टवेअरमध्ये मी युटामधल्या युरोपीय वंशाच्या लोकांची माहिती भरली होती. धड्यांमध्ये बहुतेक तीच असते ना!

एसएनपी म्हणजे डीएनएतला एका अक्षराचा फरक. शेजारशेजारचे कितीतरी एसएनपी पिढ्यान्‌पिढ्या जोडीनेच येतात. गड्ड्याच्या मिरवणुकीत एक नंदीध्वज दिसला की उरलेले सहा मागेपुढे असणारच, तसं. म्हणून गटातला एकच, म्हणजे टॅग, तपासायचा. खर्च वाचतो. पण कोण कुणाबरोबर चालतं, हे समाजागणिक बदलतं.

जगभरातल्या लोकांचा डीएनए वाचणाऱ्या १००० जीनोम्स प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात २६ समाजगटांतले २,५०४ लोक आहेत. त्यात मराठी गट नाही. आम्ही ह्यूस्टनचे गुजराती आणि ब्रिटनमधले तेलुगू असे दोन्ही गट घेतले. अर्थात तेलुगू म्हणजे पद्मशाली नव्हे. लग्नं जातीतल्या जातीत होत आली आहेत, त्यामुळे जुळणी शेवटी आपल्याच नमुन्यांवर पडताळावी लागते.

आता खरी खोच. हॅप्लोव्ह्यूने काढलेल्या त्रिकोणी आकृतीतल्या लालभडक चौकटी पाहून मी खूश झालो होतो. तो लाल रंग डी प्राइमचा असतो, म्हणजे दोन एसएनपींची साथ पिढ्यांमध्ये तुटली आहे का, याचा. टॅग मात्र आर स्क्वेअरवर ठरतो, म्हणजे एकावरून दुसरा कितपत ओळखता येतो, यावर. एका एसएनपीचं दुर्मीळ अक्षर ५ टक्के आणि दुसऱ्याचं ४० टक्के असेल, तर डी प्राइम १ असूनही आर स्क्वेअर फार तर ०.०८ च्या आसपास भरतो. म्हणजे एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही. रंग बघू नका, आकडा बघा, ०.८ ही नेहमीची मर्यादा.

टीसीएफ७एल२ या जनुकातला आरएस ७९०३१४६ सारखा, मधुमेहाशी संबंध आधीच सिद्ध झालेला एसएनपी सॉफ्टवेअरच्या मर्जीवर सोडू नका. 'फोर्स इन्क्लूड' करून, म्हणजे यादीत सक्तीने घालून टाका.

जुने धडे हॅपमॅप या जुन्या प्रकल्पाच्या साइटवरून एसएनपींच्या माहितीची फाइल उतरवायला सांगतात. ती साइट २०१६ सालीच बंद झाली. एलडीलिंक हे याच कामाचं साधन ब्राउझरमध्ये चालतं, नवख्याने तिथूनच सुरुवात करावी. आणि एसएनपींच्या जागेचे आकडे कधी बिल्ड ३७ चे, कधी ३८ चे, म्हणजे संदर्भ जीनोमच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांचे असतात. दोन्हींची खिचडी झाली की दिवस वाया. माझे दोन गेले.

दुसरी यादी एकोणीसवर आली. मॅडमनी लाल पेनाने दोन खोडले. त्यांना खेटूनच दुसरा एसएनपी होता, त्यामुळे प्रोब, म्हणजे तपासणीत तिथे चिकटणारा डीएनएचा तुकडा, नीट बसला नसता. निवडीच्या सॉफ्टवेअरने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.